आपल्या संघाचा खेळाडू पकडला जातो तेव्हा

९ सप्टेंबर १९९५. शनिवार. नेब्रास्का विद्यापीठाच्या लॉरेन्स फिलिप्सने मिशिगन स्टेटविरुद्धच्या अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात चेंडू घेऊन २०६ यार्डांची मजल मारली आणि चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिल्या जाणाऱ्या हाइजमन करंडकासाठी त्या वर्षी त्याचं नाव आघाडीवर होतं. संघ लिंकन शहरात परतला आणि रविवारी पहाटे फिलिप्स एका फ्लॅटमध्ये घुसला. तिथे असलेल्या आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला त्याने मारहाण केली आणि जिन्यावरून फरफटत खाली नेलं. ती त्याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात खेळत होती. फिलिप्सला अटक झाली. मारहाण आणि घुसखोरीचे आरोप त्याने पुढे न्यायालयात लढवलेही नाहीत.

प्रशिक्षक टॉम ऑसबर्न यांनी आधी त्याला संघातून काढल्याचं सांगितलं. नंतर ती कारवाई सहा सामन्यांच्या निलंबनावर आली. फुटबॉलमुळे या मुलाच्या आयुष्याला शिस्त आहे, ती काढून घेतली तर तो आणखी भरकटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. देशभरातून टीकेची झोड उठली. नोव्हेंबरमध्ये फिलिप्स मैदानात परतला. २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोल सामन्यात नेब्रास्काने फ्लोरिडाचा ६२-२४ असा धुव्वा उडवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या विजयात फिलिप्सचे १६५ यार्ड आणि तीन टचडाउन होते. चार वर्षांनी, २००० मध्ये, नेब्रास्कातल्या मतदारांनी ऑसबर्न यांना मोठ्या मताधिक्याने अमेरिकी संसदेत पाठवलं.

फिलिप्सला आणि ऑसबर्न यांना डोक्यावर घेणारी ही माणसं क्रूर होती, त्यांना त्या मुलीचं काही वाटत नव्हतं, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते उत्तर पटत नाही. मुलीवर हात उचलणाऱ्या शेजाऱ्याला यातल्याच बहुतेकांनी दारात उभं केलं नसतं. मग नेब्रास्काची लाल जर्सी घातलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांच्या मनात वेगळं काय घडलं? सामाजिक मानसशास्त्राने या प्रश्नाचा पन्नासहून अधिक वर्षं पाठपुरावा केला आहे, आणि त्यातून हाती आलेलं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

आधी अमेरिकी कॉलेज खेळांचा पसारा लक्षात घ्यायला हवा, कारण आपल्याकडे त्याला समांतर असं काही नाही. विद्यापीठाचा संघ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं ओकंबोकं मैदान येतं. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम वानखेडेच्या दुपटीहून मोठं आहे आणि १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेल्याची नोंद विद्यापीठ अभिमानाने सांगतं. नेब्रास्का राज्यात मोठ्या लीगमधला एकही व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे राज्याचा सगळा क्रीडाअभिमान या एकाच संघात साठलेला आहे. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, न्यायाधीश असे सगळे शनिवारी लाल कपड्यांत असतात. एमएस करायला गेलेली आपल्याकडची मुलंसुद्धा पहिल्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घेतात आणि नियम कळायच्या आधीच ‘आपण जिंकलो’ म्हणू लागतात.

रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ च्या मोसमात नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला. सात विद्यापीठांमधल्या वर्गांत दर सोमवारी जाऊन त्यांनी किती विद्यार्थ्यांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे आहेत याची मोजदाद केली. शनिवारी संघ जिंकला असेल तर अशा कपड्यांचं प्रमाण वाढायचं. पुढच्या टप्प्यात त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्यांबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘आपण’ जास्त वेळा यायचं, हरलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘ते’. यातली सर्वांत बोलकी बाब वेगळीच होती. सामन्याविषयी विचारण्याआधी एक छोटी प्रश्नमंजूषा घेतली होती आणि काही जणांना तुमचा निकाल वाईट लागला असं मुद्दाम सांगितलं होतं. विजयाशी स्वतःला जोडून घेण्याची ओढ याच विद्यार्थ्यांमध्ये सर्वाधिक दिसली. दुसऱ्याच्या यशाची ऊब घेऊन आपला खचलेला भाव सावरणं, असा हा प्रकार. १९७६ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि चाहत्यांच्या मानसशास्त्राचा तो पाया ठरला.

दहा वर्षांनी सी. आर. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू मांडली: अपयशी गटापासून माणसं अंतर ठेवू लागतात. इथेच एक महत्त्वाचा फरक पुढे आला. संघ हरला की बाजूला होणं हे हौशी चाहत्याला जमतं. ज्याच्यासाठी संघ हा स्वतःच्या ओळखीचाच भाग असतो, त्याला ते जमत नाही. डॅनियल वॅन आणि नायला ब्रान्सकोम्ब यांनी अशा कट्टर चाहत्यांचा अभ्यास केला. संघाशी असलेली ओळख जितकी घट्ट, तितकी पराभवातही संघाला न सोडण्याची वृत्ती पक्की. एडवर्ड हर्ट यांनी १९९२ मध्ये दाखवलं की कट्टर चाहत्यांचा संघ हरला तर त्यांचा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वासही उतरतो. शब्दकोडी सोडवणं, नेम धरून बाण मारणं, कुणाला भेटीसाठी विचारणं, या सगळ्यांत आपण कमी पडू असं त्यांना वाटू लागतं. संघाचा पराभव त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो.

आता अशा माणसाला रविवारी सकाळी कळतं की आपल्या सर्वोत्तम खेळाडूला अटक झाली आहे. संघ सोडणं त्याला शक्य नाही. मग तो बातमीलाच हात घालतो. फिर्यादीचा हेतू काय होता, पोलिसांनी घाई केली का, वार्ताहर कोणत्या गावचा आहे, हे प्रश्न तो विचारू लागतो. त्याला वाटतं आपण चौकसपणा दाखवतोय. मात्र हे प्रश्न त्याने प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूबद्दल विचारले नसते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे आपल्याला ठाऊक आहेच. विज्ञानाने त्यात जी भर घातली ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. हा पक्षपात निवाडा करताना सुरू होत नाही, पाहतानाच सुरू होतो.

याचा पुरावा एका जुन्या सामन्यात आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्सटन आणि डार्टमथ या विद्यापीठांचे संघ भिडले. सामना फार धसमुसळा झाला. प्रिन्सटनच्या डिक काझमायरचं नाक मोडलं, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. दोन्हीकडची विद्यार्थ्यांची वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडली. तेव्हा डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्सटनचे हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील ते नियमभंग टिपायला सांगितले. डार्टमथच्या संघाने केलेले नियमभंग प्रिन्सटनच्या विद्यार्थ्यांना सरासरी ९.८ दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले ४.३. पडदा तोच, खेळाडू तेच.

त्या शोधनिबंधात एक प्रसंग नोंदवलेला आहे. डार्टमथच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने कार्यक्रमात दाखवण्यासाठी ही फिल्म मागवली. त्यांच्यातल्या एकाने ती आधी पाहून घेतली आणि गोंधळून प्रिन्सटनला तार केली: फिल्ममधला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो विमानाने पाठवा, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे. ज्या दांडगाईबद्दल इतका गदारोळ ऐकला होता, ती त्याला पडद्यावर कुठेच दिसली नव्हती. फिल्म पूर्ण होती. तो माणूस खोटं बोलत नव्हता. मला या संपूर्ण विषयात हाच तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. प्रामाणिकपणे न दिसणाऱ्याशी वाद घालणं फार अवघड असतं.

पण फिलिप्सच्या प्रकरणात नाकारण्यासारखं फारसं काही नव्हतं. घटना घडली होती, जखमा होत्या. तरीही टाळ्या वाजल्या. याचा उलगडा २०१३ च्या एका अभ्यासात मिळतो. अमित भट्टाचार्जी, जोनाथन बर्मन आणि अमेरिकस रीड यांनी बदनाम झालेल्या नामवंतांना लोक पाठिंबा कसा देत राहतात ते तपासलं. एक वाट समर्थनाची: त्याच्यावर दडपण होतं, तिनेच चिथावलं असेल, एवढं काही गंभीर नव्हतं. ही वाट माणसाला जड जाते, कारण तसं बोलताना वाईट कृत्याची पाठराखण केल्यासारखं वाटतं. दुसरी वाट वेगळं काढण्याची: त्याने केलं ते वाईटच, पण खेळाशी त्याचा काय संबंध? या वाटेने जाणाऱ्याला कृत्याचा निषेधही करता येतो आणि खेळाडूचा जयजयकारही. मनाला टोचणी लागत नाही. गुन्हा खेळाच्या क्षेत्राबाहेरचा असेल तर ही वाट अधिकच सोपी होते. उत्तेजक द्रव्य घेणाऱ्या धावपटूला चाहते सहज माफ करत नाहीत, कारण त्याने खेळालाच धक्का लावलेला असतो. बाईला मारणं मात्र ‘मैदानाबाहेरची बाब’ ठरते. या मांडणीतली सोय मला समजते आणि तिचा रागही येतो. जिन्यावरून फरफटत नेलेली मुलगी त्याच विद्यापीठाची खेळाडू होती. ‘आपल्या’ माणसांत तिची गणना व्हायला काहीच हरकत नव्हती.

गट नेहमीच आपल्या माणसाला पाठीशी घालतो असंही नाही. बेल्जियममध्ये जोझे मार्केस आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटं दिसलं. अप्रिय वागणाऱ्या परक्यापेक्षा तसंच वागणाऱ्या स्वकीयाला लोकांनी जास्त वाईट ठरवलं. त्याच्यामुळे सगळ्या गटाचं नाव खराब होतं, म्हणून त्याला कडक शब्दांत दूर लोटलं जातं. माझ्या मते कॉलेज संघांमध्ये या दोन प्रवृत्तींपैकी कोणती जिंकेल हे बरेचदा खेळाडूच्या उपयोगावर ठरतं. राखीव खेळाडू पकडला गेला तर संघाची मूल्यं आठवतात. चार टचडाउन करणारा पकडला गेला तर त्याचं खडतर बालपण आठवतं. फिलिप्सचं बालपण खरोखरच खडतर होतं. प्रश्न एवढाच की ते कोणाचं आणि कधी आठवतं.

अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायलाच हवं. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातल्या तिघांवर बलात्काराचा आरोप ठेवला गेला. खेळाडूंचे डीएनए जुळत नव्हते, तरी प्रशिक्षकांना जावं लागलं आणि त्या मोसमातले उरलेले सामने रद्द झाले. एप्रिल २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे महाधिवक्ता रॉय कूपर यांनी सगळे आरोप मागे घेत तिघंही निर्दोष असल्याचं जाहीर केलं. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद रद्द झाली. ड्यूकच्या खेळाडूंबद्दल ज्यांच्या मनात आधीपासून अढी होती, त्यांना पुराव्यातल्या फटी दिसल्या नव्हत्या. डार्टमथच्या त्या तारेमागे जी यंत्रणा होती, तीच इथे उलट्या दिशेने चालली. म्हणून ‘आम्ही चाहते नाही, आम्ही तटस्थ आहोत’ असं म्हणणाऱ्यालाही यातून सूट नाही.

या आंधळेपणाची किंमत स्टेडियमबाहेरची माणसं मोजतात, असं अर्थशास्त्रज्ञांची आकडेवारी दाखवते. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी २०११ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे निकाल पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिले. जिंकणार असं धरलेला स्थानिक संघ अनपेक्षितपणे हरला की पुरुषांनी पत्नीला किंवा मैत्रिणीला घरात मारहाण केल्याच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढत होत्या. चुरशीचाच सामना अपेक्षित असेल आणि संघ हरला, तर अशी वाढ दिसत नव्हती. घात करत होता तो अपेक्षाभंग. २०१८ च्या एका अभ्यासात जेसन लिंडो आणि सहकाऱ्यांना आढळलं की मोठ्या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या दिवशी १७ ते २४ वयोगटातल्या मुलींवरील बलात्काराच्या तक्रारी २८ टक्क्यांनी वाढतात. त्यामागे सामन्याभोवतीच्या मद्यपी पार्ट्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आणि न्यायाधीश? ओझकान एरेन आणि नाजी मोजान यांनी लुइझियानातल्या बालन्यायालयांचे १९९६ ते २०१२ या काळातले निकाल तपासले. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ अनपेक्षितपणे हरला की पुढच्या आठवड्यात अल्पवयीन आरोपींना सुनावलेल्या शिक्षा लांबत होत्या. हा परिणाम मुख्यतः त्याच विद्यापीठातून पदवी घेतलेल्या न्यायाधीशांच्या निकालांत दिसला, आणि त्याचा भार कृष्णवर्णीय मुलांवर जास्त पडला. सामन्याशी त्या मुलांचा काडीचाही संबंध नव्हता.

कायद्याचं शिक्षण आणि निःपक्षपातीपणाची शपथ असलेल्या माणसाला जे टाळता आलं नाही, ते विजेतेपदाच्या शर्यतीतला प्रशिक्षक रविवारी सकाळी टाळू शकेल अशी अपेक्षा धरणं मला धोक्याचं वाटतं. ऑसबर्न यांची तळमळ खरी असेलही. तरी त्या निर्णयाचा थेट लाभ त्यांच्याच संघाला होत होता, आणि त्यांच्याभोवती शंका घेणारं माणूस मिळणं कठीण होतं. फिलिप्सचंही यात भलं झालं नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो टिकला नाही, पुढे हिंसाचाराच्या गुन्ह्यांत त्याला दीर्घ शिक्षा झाल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

काही संस्थांनी आता हा निर्णय मोसमाच्या ऐन भरातून बाहेर काढला आहे. मे २०१५ मध्ये दक्षिणपूर्वेकडच्या बड्या विद्यापीठांच्या एसईसी या गटाने ठरवलं की घरगुती किंवा लैंगिक हिंसाचारासारख्या गंभीर गैरवर्तनामुळे एका विद्यापीठाने काढलेल्या खेळाडूला गटातल्या दुसऱ्या विद्यापीठाने घ्यायचं नाही. एप्रिल २०१७ मध्ये इंडियाना विद्यापीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. लैंगिक किंवा घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेल्या, किंवा तसा गुन्हा कबूल केलेल्या खेळाडूला तिथल्या कोणत्याही संघात प्रवेश नाही. हा नियम केला तेव्हा तो पुढे कोणाला लागू होईल, तो मुलगा किती वेगाने धावत असेल, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.