मॅनहॅटन ते लाँग आयलंड: जर्मन 'पोर्क स्टोअर' उपनगरात कसं पोचलं

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आणि त्यापुढे लाँग आयलंडवर मोजक्या काही जर्मन खाटिकांच्या दुकानांच्या पाटीवर अजूनही 'पोर्क स्टोअर' असं लिहिलेलं दिसतं. दार उघडलं की आधी धुराचा वास येतो. वर आकड्यांना सॉसेजच्या माळा, काचेमागे काळजाची लेबरवुर्स्ट (वुर्स्ट म्हणजे सॉसेज), वाटलेल्या मांसाची लेबरकेझे, खारवून धुरी दिलेलं कास्लर, रक्ताची काळी ब्लूटवुर्स्ट. बाजूच्या फळीवर ट्यूबमधली मोहरी आणि साउरक्राउटचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे डबे. डिसेंबर आला की त्यात श्टोलन आणि लेबकूखन या नाताळच्या गोड पदार्थांची भर पडते. बाहेर मात्र जर्मन म्हणावं असं काहीच नसतं. एका बाजूला पिझ्झावाला, दुसऱ्या बाजूला नेल सलून, समोर गाड्यांचा तळ. इतकं वेगळं दुकान अशा कोणत्याही उपनगरात शोभेल अशा ओळीत येऊन का बसलं, असं पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतंच. ते गिऱ्हाइकांच्या मागे आलं. गिऱ्हाइकं दीडशे वर्षं सतत हलत होती, आणि प्रत्येक वेळी हलण्यामागचं कारण वेगळं होतं.

पहिलं हलणं अर्थात समुद्रापलीकडचं. नैर्ऋत्य जर्मनीत, म्हणजे वुर्टेम्बर्ग, बाडेन, फाल्त्स या भागांत, शेत सगळ्या मुलांत वाटण्याची पद्धत होती. दोन-तीन पिढ्यांत जमिनीचे इतके तुकडे व्हायचे की त्यावर घर चालेना; मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यातच 1846-47 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि 1848 ची क्रांती फसली. अमेरिकेतल्या जर्मनांचा इतिहास सांगताना 1848 च्या क्रांतिकारकांचं नाव फार घेतलं जातं, पण बोटीत बसलेल्यांमध्ये राजकारणासाठी निघालेले थोडे आणि पोटासाठी निघालेले पुष्कळ होते. सर्वांत मोठी लाट 1880 च्या दशकात आली. त्या दहा वर्षांत 14 लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत उतरले, एकट्या 1882 मध्ये अडीच लाखांच्या आसपास.

यांतल्या अनेकांच्या हातात कसब होतं. जर्मन गावांत खाटीक हा शतकानुशतकं संघटित कारागीर. त्यांचे संघ कोण शिकणार, कोण दुकान टाकणार, भाव काय, सगळं ठरवत. हिल्डेसहाइमच्या बाजारचौकात खाटिकांनी 1529 मध्ये बांधलेली लाकडी इमारत त्यांच्या श्रीमंतीची साक्ष देत उभी होती. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली आणि 1980 च्या दशकात पुन्हा बांधली गेली. आधी शिकाऊ, मग गावोगाव फिरून काम करणारा कारागीर, मग परीक्षा देऊन उस्ताद, अशी चढण असायची. 1869 च्या उद्योग कायद्याने संघांची सक्ती मोडली, तरी शिक्षणाची ही चौकट टिकली. अमेरिकेत उस्तादकीचा दाखला विचारणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक मात्र आपल्याच गावाकडचं होतं, आणि त्याच्या जिभेला चूक लगेच कळायची.

त्या जिभेची अपेक्षा काय होती, हे समजलं की काउंटरवरच्या पन्नास नावांचा गोंधळ बराच कमी होतो. जर्मन खाटीक वुर्स्टची तीन घराणी मानतो. पहिलं कच्चं, खारवून वाळवलेलं किंवा धुरावलेलं: सलामी, लांडयेगर. गोव्याची चोरिस इथे आणली तर याच फळीवर बसेल. दुसरं आधी शिजवलेल्या मांसाचं: लेबरवुर्स्ट, ब्लूटवुर्स्ट. जनावर कापलं की काळीज, रक्त, डोक्याचं मांस आधी संपवावं लागतं, त्यातून हे घराणं जन्माला आलं. तिसरं वाटलेल्या मांसाचं, गरम पाण्यात उकडून घट्ट केलेलं: फ्रांकफुर्टर, वीनर, लेबरकेझे, वाइसवुर्स्ट.

खरी परीक्षा या तिसऱ्यात. मांस, चरबी आणि मीठ फिरत्या पात्यांखाली वाटताना त्यात बर्फ घालतात. पात्यांच्या घर्षणाने मिश्रण तापलं तर चरबी सुटते आणि उकडल्यावर वुर्स्ट रवाळ, कोरडी होते. थंड राहिलं तर मिठाने मोकळी झालेली प्रथिनं चरबी आणि पाणी दोन्ही धरून ठेवतात, आणि दाताखाली तो 'कट्' आवाज येतो. नुकत्याच कापलेल्या जनावराचं, अजून ऊब असलेलं मांस पाणी सर्वांत चांगलं धरतं. म्हणून जुना खाटीक कत्तलखान्यापासून फार लांब जात नसे. वाइसवुर्स्टमध्ये वासराचं मांस, चरबी, पार्स्ली आणि लिंबाची साल असते. नायट्राइटचं मीठ नाही, धूर नाही. त्यामुळे ती गुलाबी न दिसता फिकट राहते आणि टिकतही नाही. दुपारच्या बाराच्या घंटेआधी ती खाऊन संपवायची हा म्युनिकचा दंडक बर्फाच्या पेट्या येण्याआधीचा आहे. तिचा जन्म 1857 च्या कार्निव्हलमध्ये एका खानावळीत आतडी संपल्यामुळे अपघाताने झाला, अशी गोष्ट म्युनिकमध्ये सांगतात. गोष्ट म्हणून छान आहे.

वाटलेल्या मांसात आत काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे या धंद्यात विश्वास हे भांडवल. 1860 मध्ये ड्रेस्डेनला फ्रीड्रिख झेंकर यांनी डुकराच्या मांसातली ट्रायकिनेला ही सूक्ष्म कृमी माणसाचा जीव घेते हे दाखवलं. 1865 मध्ये हेडर्सलेबेन या गावात तिने शंभराच्या आसपास बळी घेतले. कच्चं वाटलेलं पोर्क पावावर पसरून खाणाऱ्या देशाला हा मोठाच धक्का होता. रुडोल्फ फिरखो या नामांकित जर्मन डॉक्टरांनी तपासणीचा आग्रह धरला आणि कापलेल्या प्रत्येक डुकराचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत हळूहळू सक्तीची झाली. पुढे याच कारणावर बोट ठेवून जर्मनीने 1883 मध्ये अमेरिकन पोर्कवर बंदी घातली. ती 1891 मध्ये उठली, तेव्हा अमेरिकेने निर्यातीच्या मांसाची सरकारी तपासणी सुरू केली होती. बंदीमागे जर्मन शेतकऱ्यांना संरक्षण देण्याचा हेतू होताच, पण अमेरिकेतल्या मांस तपासणीची सुरुवात काही अंशी या भांडणातून झाली.

न्यूयॉर्कमध्ये हे लोक आधी मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला, टॉम्पकिन्स स्क्वेअरच्या भोवती वसले. त्या वस्तीला क्लाइनडॉइचलांड म्हणजे छोटी जर्मनी म्हणत. वुर्टेम्बर्गवाले एका गल्लीत, बव्हेरियावाले दुसऱ्या, आणि कोणत्या खाटकाकडे जायचं हेही त्यावर ठरायचं. 1878 नंतर थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून उन्नत रेल्वे धावू लागली आणि हात चालणारी कुटुंबं उत्तरेला 86 व्या रस्त्याकडे, यॉर्कव्हिलला सरकू लागली. तिथे एरेट आणि रुपर्ट या मोठ्या ब्रुअरी होत्याच. म्हणजे काम, बिअर आणि वुर्स्ट एकाच ठिकाणी.

मग 15 जून 1904 चा बुधवार उजाडला. सेंट मार्क्स या लुथरन चर्चची वार्षिक सहल 'जनरल स्लोकम' या बोटीने निघाली होती. ईस्ट रिव्हरमध्ये बोटीला आग लागली. पाण्याचे पाइप कुजलेले, जीवरक्षक जाकिटांतल्या बुचाचा भुगा झालेला. हजारावर माणसं गेली. कामाचा दिवस असल्याने बोटीवर बहुतेक बायका-मुलं होती, आणि दुकानांत, कारखान्यांत पुरुष मागे राहिले होते. या दुर्घटनेने छोटी जर्मनी एका रात्रीत रिकामी झाली असं सांगितलं जातं, ते पूर्ण खरं नाही. निघून जाणं आधीपासून चालू होतं. राहिलेल्यांना मात्र त्या गल्ल्यांत राहवेना. ती बोट निघाली होती लाँग आयलंडवरच्या लोकस्ट ग्रोव्ह नावाच्या सहलीच्या जागेकडे. त्या काळी लाँग आयलंड म्हणजे या लोकांसाठी एका दिवसाची हवापालट होती.

पहिल्या महायुद्धात जर्मन असणंच संशयास्पद ठरलं. साउरक्राउटला 'लिबर्टी कॅबेज' म्हणायची टूम निघाली. त्यावर आज हसू येतं, पण 1918 च्या एप्रिलमध्ये इलिनॉयच्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने फासावर लटकवलं, हेही त्याच हवेतलं. पाठोपाठ 1920 मध्ये दारूबंदी आली आणि वुर्स्टची जोडीदार बिअर गेली. तरी दुकानं टिकली, कारण नवे लोक येत राहिले. 1924 च्या स्थलांतर कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपचे दरवाजे जवळजवळ लावले, आशियाचे तर पूर्णच. जर्मनीला मात्र वर्षाला 51 हजारांवर जागा ठेवल्या. महागाईने होरपळलेल्या जर्मनीतून तरुण खाटीक याच काळात आले. कार्ल एमर यांनी 1932 मध्ये मॅनहॅटनमध्ये आपलं पहिलं पोर्क स्टोअर उघडलं. 1937 मध्ये यॉर्कव्हिलला शालर अँड वेबर सुरू झालं, ते सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर आजही आहे.

त्याच यॉर्कव्हिलमध्ये, 85 व्या रस्त्यावर, अमेरिकन नाझींच्या 'बुंड'चं कार्यालय होतं. 20 फेब्रुवारी 1939 ला त्यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे प्रचंड सभागृह भरवून दाखवलं. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन हाइट्समध्ये, हिटलरपासून जीव वाचवून आलेले जर्मन ज्यू कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियम पाळणाऱ्या, खाटकाकडे बीफ आणि वासराच्या मांसाची त्याच नावांची वुर्स्ट मागत होते. जर्मन खाद्यपरंपरा म्हणून एकच सरळ रेघ काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

युद्धानंतर तिसऱ्या प्रकारचे जर्मन आले. रिजवुड आणि ग्लेनडेल ही क्वीन्समधली जोडवस्ती त्यांची. गॉटशे या आज स्लोव्हेनियात असलेल्या प्रदेशात चौदाव्या शतकापासून जर्मन बोलणारे लोक राहत. 1941 मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्यातल्या व्यवहारात त्यांना उठवलं गेलं, 1945 मध्ये ते निर्वासित झाले. रिजवुडमध्ये त्यांची माणसं आधीच होती, 1924 पासून गॉटशेअर हॉलही होता; म्हणून ते तिथे आले. डॅन्यूबकाठच्या, हंगेरी-युगोस्लाव्हियातल्या जर्मनांनाही अमेरिकेच्या 1948 च्या निर्वासित कायद्याने आणि 1950 च्या दुरुस्तीने वाट मिळाली. रिजवुडच्या काउंटरवर पॅप्रिका आणि लसूण असलेली लालसर वुर्स्ट दिसते ती या लोकांची. बर्लिनकर तिला जर्मन म्हणेलच असं नाही. माझ्या मते या दुकानांत पाहण्यासारखं हेच आहे: तिथे 'जुनी जर्मनी' साठवलेली नाही, गिऱ्हाइकांनी कोणतं गाव, कोणत्या वाटेने सोडलं ते साठवलेलं आहे.

मॅनहॅटनमध्ये इकडे जमीनच पायाखालून सरकत होती. फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर 42 व्या रस्त्यापासून वर पसरलेले कत्तलखाने पाडून त्या जागी संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय उभं राहिलं. धनाढ्य रॉकफेलर यांनी 1946 मध्ये 85 लाख डॉलर देऊन ती जमीन मिळवून दिली होती. 1955 मध्ये थर्ड अ‍ॅव्हेन्यूची उन्नत रेल्वे बंद झाली, यॉर्कव्हिलचे भाव वाढले, जुन्या चाळवजा इमारतींच्या जागी उंच टॉवर आले.

आणि लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत 1947 पासून लेव्हिटटाउन उभं राहत होतं: चार वर्षांत 17 हजारांहून अधिक एकसारखी घरं, सैन्यातून परतलेल्यांना सरकारी हमीचं कर्ज. सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कोणाला राहू द्यायचं नाही अशी अटच होती. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या आडनावावरून शेजारी तोंड फिरवत, ते आता नुसते 'गोरे' झाले होते आणि त्यांना घर मिळालं. खाटिकाचं दुकान उपनगरात येण्यामागे कष्ट आणि कसब होतं, पण ही अटही होती.

उपनगरात दुकान आलं तसं त्याचं कामही बदललं. शहरात बाई रोज पिशवी घेऊन यायची. इथे रोजचं मांस सुपरमार्केटमधून येऊ लागलं, आणि त्या फळीवरचं पाकीट बहुधा ऑस्कर मायरचं असे. वुर्टेम्बर्गहून पोरवयात आलेल्या या माणसाने 1883 मध्ये शिकागोत भावांसह असंच एक दुकान टाकलं होतं. छोट्या जर्मन खाटिकाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी शेवटी जर्मन खाटीकच निघाला. मग पोर्क स्टोअर शनिवारचं, नाताळचं, उन्हाळ्यातल्या बार्बेक्यूचं झालं. 1967 च्या मांस कायद्याने आणि 1990 च्या दशकातल्या कडक स्वच्छता-नियमांनी घाऊक माल बनवणाऱ्या लहान कारखान्यांचा खर्च वाढवला. बाकीची दुकानं बंद पडली ती बहुतेक मालकांच्या मुलांना पहाटे चारला उठून धुराडं पेटवायचं नव्हतं म्हणून.

लाँग आयलंडवरच्या मराठी माणसाला हिक्सव्हिल माहीत असतं ते भारतीय किराणा आणि मिठाईसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तेही गाव जर्मनांनी वसवलेलं. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या भारतीयांनी पुढे त्याच रस्त्यांवर आपली दुकानं मांडली.

जर्मनीतही चित्र वेगळं नाही. तिथे खाटिकाला दुकान चालवायला आजही उस्तादकीची परीक्षा लागते, पण शिकायला पोरं मिळत नाहीत आणि दुकानं झपाट्याने घटत आहेत. 2022 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या छोट्या गावांतल्या खाटिकांकडे भारतातून 13 तरुण-तरुणी शिकाऊ म्हणून गेले. 2024 मध्ये ती गावं ज्यात येतात त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जिथून खाटीक बोटीने न्यूयॉर्कला निघत, तिथे आता शिकाऊ हात बाहेरून येत आहेत.