वाघ एक, वनखाती तीन

जांबोटी-कणकुंबीच्या रानात दिसलेला वाघ खानापूर तालुक्यातलाच असेल असं काही नाही. चोर्ला घाटाच्या आसपास कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना भिडतात. इकडे कर्नाटकाचं भीमगड अभयारण्य, पलीकडे गोव्याचं म्हादई, वरच्या अंगाला महाराष्ट्रातलं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र.

वयात आलेला नर आईचा मुलूख सोडून नवी जागा शोधतो. 2018 मध्ये महाराष्ट्रातल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यानं टिपलेला एक नर 2020 मध्ये थेट कर्नाटकात दांडेलीकडे, काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला. दोनशेहून अधिक किलोमीटर! ही ये-जा थांबली, तर उरलेले मोजके वाघ जवळच्या नात्यातच वीण करतात आणि वंश दुबळा पडतो.

तो तोच नर हे कळलं पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे कधीच जुळत नाहीत. एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचेसुद्धा नाहीत. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. पण फोटो आपापल्या राज्यात पडून राहिले, तर एकच वाघ दोनदा मोजला जातो, नाहीतर मेलेला वाघ शेजारच्या रानात गेला असेल असंच वाटत राहतं. आसामचं मानस आणि भूतानचं रॉयल मानस तर दोन देशांतली जंगलं, तरी 2010-11 मध्ये त्यांनी एकत्र पाहणी केली. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा तिन्ही राज्यांना एकच आहे.

म्हादई नदीचं पाणी वाटण्यासाठी 2010 मध्ये लवाद नेमला, 2018 मध्ये निवाडा आला: कर्नाटकला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), महाराष्ट्राला 1.33, गोव्याला 24. वाघाचे असे टीएमसी करता येत नाहीत.

जानेवारी 2020 मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. राग होता गुरं मारल्याचा. भीमगडात वाघ कितीही सांभाळला, तरी हद्द ओलांडली की त्याचं नशीब दुसऱ्या खात्याच्या हाती. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत तिथं व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं. गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रकल्पाची पाटी लागेल तेव्हा लागो. माझ्या मते तिन्ही खात्यांनी आधी वाघानं मारलेल्या म्हशीच्या भरपाईचा एकच दर ठरवावा, आणि पंचनामा झाला की आठवड्यात पैसे द्यावेत.