घरभाषेचे जतन : ठाणे आणि नवी मुंबई

घरात मुलांशी आणि वडीलधाऱ्यांशी रोज बोलली जाणारी भाषा म्हणजे घरभाषा. एका घरात दोन-तीन भाषा नांदत असतील, तर त्या पुढच्या पिढीच्या तोंडी राहाव्यात आणि वाढाव्यात म्हणून कुटुंब कळत-नकळत जे काही करते, त्याला घरभाषेचे जतन म्हणतात. आई-वडिलांची मातृभाषा आणि घरभाषा एकच असते असे नाही. जनगणनेच्या व्याख्येनुसार बालपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती मातृभाषा. नेरूळमधल्या एखाद्या घरात आई मराठी, वडील तमिळ आणि दोघांनाही सोयीची म्हणून सगळा संसार हिंदीत चालतो. व्याख्या शब्दशः लावली तर तिथल्या मुलाची मातृभाषा हिंदी ठरते, आणि ती ना आईची असते ना वडिलांची.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर अशी घरे भरपूर आहेत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे ठाण्यात कोपरीला आणि जवळच उल्हासनगरला वसली. १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर, मिठागरांवर नवी मुंबई उभी राहिली. वाशी, नेरूळ, कोपरखैरणेत नोकरीनिमित्त मलयाळी, तमिळ, पंजाबी, बंगाली माणसे आली, तशी सातारा-सांगलीकडची मराठी माणसेही आली. एका मजल्यावर चार दारे आणि चार भाषा, हे इथे नवलाचे राहिले नाही.

बहुभाषिकता इथे पूर्वीही होती. भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी १९७२ मध्ये मुंबईच्या गुजराती मसाला व्यापाऱ्याचे उदाहरण दिले होते. हा व्यापारी घरी गुजराती बोलतो, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यात कच्छी आणि कोकणी, आणि क्वचित औपचारिक प्रसंगी इंग्रजी. मसाल्याचा तो घाऊक बाजार पुढे नवी मुंबईच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, आला. पंडितांच्या व्यापाऱ्याची गुजराती टिकली, कारण प्रत्येक भाषेला तिचे काम ठरलेले होते. आज इंग्रजी शाळा, हिंदी मैदान आणि मोबाइल मिळून मुलाचा जवळजवळ सगळा दिवस व्यापतात, आणि घरभाषेच्या वाट्याला "जेवलास का?" आणि "आवर लवकर" एवढेच उरते. माझ्या मते घरभाषा आटण्याचे मूळ इथे आहे. भाषेबद्दल प्रेम कमी झाले असे फारसे नसते. भाषेला घरात काम उरत नाही.

ही घसरण हळूहळू होते. मूल आधी घरभाषेतला प्रश्न समजून हिंदीत उत्तर देऊ लागते. मग मोठी माणसेही हिंदीतच विचारू लागतात. "त्याला समजतं सगळं, फक्त बोलत नाही," हे वाक्य तेव्हा पाहुण्यांना सांगितले जाते. बोलणे चालू असले तरी रचना बदलते. "मला मदत कर"च्या जागी "माझी मदत कर" येते. आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांच्या 'आंटी' होतात आणि नाते कुठल्या बाजूचे ते शब्दातून कळेनासे होते.

'आपण' आणि 'आम्ही' यांतला भेद हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मराठीत 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'मध्ये तो वगळलेला असतो. हिंदीत दोन्हींसाठी एकच 'हम'. हिंदीत वाढलेला नातू आजीला विचारतो, "आजी, आम्ही बागेत जाऊ?" आजीला वाटते, पोरगा मित्रांबरोबर जायची परवानगी मागतोय. ती "जा" म्हणते आणि तो तिच्या चपला घेऊन दारात उभा राहतो. गंमत अशी की हा भेद तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ', गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' असा शाबूत आहे. म्हणजे आई मराठी आणि वडील तमिळ असलेल्या घरात दोन्ही भाषांना जे येते, ते मधल्या सोयीच्या भाषेमुळे मुलाच्या हातून निसटते.

उपायांमध्ये सर्वांत जुना आणि प्रसिद्ध उपाय 'एक व्यक्ती, एक भाषा' हा आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांनी तो आपल्या मुलावर पाळला. वडील फ्रेंच बोलत, आई जर्मन. त्या निरीक्षणांचा ग्रंथ १९१३ मध्ये आला. मात्र हा नियम हमखास फळतोच असे नाही. भाषाशास्त्रज्ञ आनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या १,८९९ कुटुंबांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. आई-वडिलांपैकी एक जण परिसराची भाषा आणि दुसरा फक्त अल्पसंख्य भाषा बोलत होता, अशा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुले ती अल्पसंख्य भाषा बोलत नव्हती. दोघेही घरात तीच भाषा बोलत, तिथे मात्र ती जवळजवळ प्रत्येक घरात टिकली होती. भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनीही १९९१ मध्ये भाषा वाचवण्याच्या प्रयत्नांत घरातून मुलांकडे होणारे हस्तांतर हाच कळीचा टप्पा मानला. शाळा आणि सरकार त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

तरीही घराबाहेरचा आधार लागतोच. केरळ सरकारचे मलयाळम मिशन राज्याबाहेरच्या मुलांना मलयाळम शिकवते. त्याच्या चार पायऱ्यांना फुलांची नावे आहेत : कणिकोन्ना, सूर्यकांती, आंबल आणि नीलकुरिंजी. कणिकोन्ना म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पिवळाधमक फुलणारा बहावा. मराठीसाठी ठाण्यात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या मराठी मुलाला निदान देवनागरी वाचता येते. घटनेचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करायला सांगतो. इंग्रजी माध्यमाची ओढ सगळ्याच भाषकांत एवढी आहे की प्रत्यक्षात त्याचा लाभ थोडेच घेतात.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित घरभाषा इथल्या मूळ गावांची आहे. घणसोली, दिवाळे, करावे या गावांतले आगरी-कोळी मूल घरी 'पानी' म्हणते आणि शाळेत त्याचे 'पाणी' करून घेतले जाते. तसे करून घेण्यात गैर काही नाही. 'पानी' अशुद्ध आहे असे सांगितले जाते, ते गैर आहे. लाजेपोटी कित्येक आई-बापांनी मुलांशी आगरी बोलणे सोडले. लग्नघरात मात्र ती अजून हक्काने ऐकू येते. धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी करणारी बाई, आगरीतले धवले (लग्नगीते) म्हणत हळदीपासूनचे विधी पार पाडते. तिच्याशेजारी बसून ओळी धरणाऱ्या पोरी ते धवले ऐकून ऐकूनच पाठ करतात.