एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही?

घराची झाडझूड निघाली की ओल्या फडक्याने पंखे, स्विचबोर्ड पुसणाऱ्याला कोणीतरी धीर देतोच: ‘एमसीबी आहे, काही झालं तर पडेल.’ नाही पडणार.

एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बॉक्समधला आपोआप पडणारा खटका, वायरिंगला जपते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडते. २३० व्होल्टला अंगातून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्याही बराच खाली असतो. जीव जायला तेवढा पुरतो, एमसीबीच्या मात्र तो खिजगणतीतही नसतो.

शॉकसाठी लागते आरसीसीबी. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परतला का, हे हा खटका पाहतो; तफावत ३० मिलिअँपिअरवर (एमए) गेली की क्षणार्धात पुरवठा तोडतो. आरसीसीबीवर ३० एमए आणि ‘टी’ अक्षराचं बटण असतं. १०० किंवा ३०० एमएची असेल तर ती मुख्यतः आगीपासून बचावासाठी. शॉकला तिचा भरवसा धरू नका. वीज चालू असताना ‘टी’ दाबा. खटका पडला नाही, तर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा आतून अडकते, म्हणून हे बटण दर तीन महिन्यांनी तरी दाबावं.

तिलाही मर्यादा आहे. एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर गेलेला प्रवाह तेवढाच परततो; तिच्या लेखी तुम्ही म्हणजे एक बल्बच, ती पडत नाही.

म्हणून पुसण्याआधी मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर त्याचं आउटपुटही, कारण मेन बंद होताच तो पंख्याला वीज देऊ लागतो (हे हमखास विसरतं). नुसतं पंख्याचं बटण बंद करणं पुरेसं नाही. ते चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल तर पंख्यात फेज तसाच राहतो.