पडद्यामागची हवा: उभ्या स्पीकरची पार्श्वभूमी

गायक काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गात असेल तर त्याच्या तंबोऱ्याची खरजाची तार साधारण ६९ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर, लागते. हवेत त्या लहरीची लांबी जवळपास ५ मीटर भरते. बेळगाव, शहापूर, निपाणीतल्या बहुतेक बैठकीच्या खोल्या एवढ्या लांब नसतात. अशी लहर वीतभर रुंदीच्या पेटीतून कशी काढायची, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पुढे आला. शोरूममध्ये आज जे कमरेएवढे उंच, अरुंद आणि भरपूर महाग स्पीकर दिसतात, ते त्या प्रश्नाचे सर्वांत अलीकडचे उत्तर आहे. मधल्या काळात उत्तरे पुष्कळ आली, पण सगळी एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली: स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच हवा ओढतो, त्या मागच्या हवेचे करायचे काय?

सीमाभागाला गाणे ऐकायची सवय स्पीकरच्याही आधीची. मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, तिथल्याच कारागिरांचे तंबोरे चहूकडे गेले. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. पण त्या काळच्या ग्रामोफोन तबकड्यांत खरज जवळजवळ नसायचाच. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यात गाऊन व्हायचे, विजेशिवाय. त्यात १५०-२०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही उतरत नसे. तरीही तंबोरा ओळखू येतो, कारण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार किंचित घासून उठणाऱ्या झणकारामुळे, त्याच्या आवाजात वरचे स्वरांश भरपूर असतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर मनातच जुळवतो. डग्ग्याचे तसे होत नाही. मनगट दाबून काढलेली मींड शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली सरकते. तो भाग तबकडीत नाही, तर घुमारा नाही. स्पीकर पारखायला तंबोऱ्यापेक्षा डग्गा बरा, तो यामुळे.

चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे ठेवायचे आणि त्याने पडदा हलवायचा, ही कल्पना जुनीच. अर्न्स्ट सीमेन्सचे पेटंट १८७४ चे, ऑलिव्हर लॉजचे १८९८ चे. ती कामाची झाली १९२५ मध्ये. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी भोंग्याशिवाय चालणारा स्पीकर मांडला आणि पुढच्या वर्षी तो रेडिओला १०४ या नावाने २५० डॉलरला विक्रीस आला. पडद्याची स्वतःची कंपनसंख्या त्यांनी मुद्दाम खूप खाली ठेवली, म्हणजे तिच्या वरच्या साऱ्या पट्ट्यात पडद्याचे वजनच त्याच्या हालचालीला शिस्त लावते आणि आवाज समपातळीत राहतो. आजचा कुठलाही वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, उघडा, आत हेच तत्त्व सापडेल.

मागच्या हवेचा प्रश्नही त्याच टप्प्यावर ठसठशीत झाला. उघड्यावर धरलेला वूफर खर्जात मुका होतो, कारण पुढचा दाब पडद्याच्या कडेवरून वळून मागच्या पोकळीत शिरतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. सपाट फळीने हे थांबवायचे तर वळसा लहरीच्या निम्म्या लांबीएवढा हवा. ६९ हर्ट्झसाठी तो अडीच मीटर होतो, म्हणजे घरात भिंतच उभी करावी लागेल. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला आणि नंतरच्या रेडिओग्रामला मागून उघडी लाकडी पेटी असे. धारवाड आकाशवाणी १९५० मध्ये सुरू झाली तेव्हा या भागात ती अशाच पेट्यांतून ऐकली गेली. त्यांचा तो ऊबदार, किंचित पिंपातून आल्यासारखा आवाज आजही जुन्याजाणत्यांच्या कानात आहे. तो ऊबदारपणा म्हणजे उघड्या पेटीतल्या पोकळीचा स्वतःचा स्वर. त्याच्या खाली काहीच नव्हते.

बेल लॅबच्या आल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये अर्ज करून १९३२ मध्ये मिळवलेल्या पेटंटात पेटी बंद करून तिला एक भोक ठेवले. तोंडाशी फुंकर मारली की बाटली जशी ठरावीक स्वरात वाजते, तशी ही पेटी वाजते. त्या स्वराच्या आसपास मागची हवा भोकातून उलटी होऊन, म्हणजे पुढच्या हवेच्या जोडीला, बाहेर येते आणि पडद्याला फार हलावे लागत नाही. पण हिशेब कुणाकडे नव्हता. भोक किती मोठे, त्यात बसवायची नळी किती लांब हे पुढची तीस वर्षे अंदाजाने ठरत राहिले, आणि अंदाज चुकला की एकाच स्वरावर बद्द वाजणारी पेटी तयार व्हायची.

म्हणून १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी उलट वाट धरली. त्यांनी पेटी पूर्ण बंद केली, पडद्याला अगदी मऊ, सैल आधार दिला आणि स्प्रिंगचे काम आतल्या कोंडलेल्या हवेकडून करून घेतले. कापडाच्या किंवा कागदाच्या आधारापेक्षा हवेची स्प्रिंग कितीतरी सरळ वागते. त्यांच्या एआर-१ मधला १२ इंची वूफर फळीवर ठेवण्याजोग्या पेटीतून खरा खर्ज देऊ लागला. या सोयीची किंमत मात्र वॅटमध्ये मोजावी लागली. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिघांतली दोनच एका वेळी मिळतात. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकलेल्या कोपऱ्यातल्या भोंग्याने पहिली अट सोडून बाकीच्या दोन घेतल्या होत्या. त्याची पेटी प्रचंड, पण व्हॉल्व्हच्या थोड्या वॅटवर खोली दणाणायची. त्यात खोलीचा कोपरा हाच भोंग्याचा शेवटचा भाग असतो, त्यामुळे भिंती जाड आणि कोपरा रिकामा लागतो. वाड्यातल्या दगडी भिंतींना तो शोभला असता. विल्चर यांनी तिसरी अट सोडली, आणि साठच्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाल्यावर तीच बाजू जिंकली.

बाकीच्या वाटा थोडक्यात. १९५७ मध्ये क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या पीटर वॉकर यांनी पेटीच काढून टाकली आणि विजेच्या दाबावर हलणारी पातळ फिल्म लावली. मधल्या पट्टीत त्या स्पीकरइतका स्वच्छ गळा अजूनही फार थोड्यांना जमतो, खर्ज आणि जोर मात्र मर्यादित. १९६५ मध्ये आर्थर बेली यांनी मागची हवा लोकर भरलेल्या लांब नागमोडी बोगद्यात घालवली. ३५ हर्ट्झसाठी पाव लहरीचा बोगदा अडीच मीटरच्या आसपास होतो, आणि तो घडी घालून बसवायचा तर पेटी आपोआप उंच होते.

खरी उलथापालथ कागदावर झाली. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्या कामावरून रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की वूफरची काही मोजमापे हातात असली की पेटी आणि नळी गणिताने ठरवता येते. उदाहरणार्थ, आतून ५० लिटरची पेटी ३५ हर्ट्झला लावायची आणि नळीचा आतला व्यास साडेसात सेंटिमीटर, तर नळीची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर येते. एवढ्या अरुंद नळीतून मोठ्या आवाजाला हवा फुसफुसते. व्यास १० सेंटिमीटर केला की फुसफुस जाते, पण लांबी ३१ सेंटिमीटरवर पोहोचते. नळीचे आतले तोंड त्याच्या समोर येणाऱ्या फळीपासून निदान एका व्यासाएवढे दूर ठेवावे लागते. उथळ पेटीत ती सरळ बसत नाही, वाकवावी लागते.

यातूनच आजचा उभा आकार घडला. १९५८ नंतर स्टिरिओ आला आणि घरात एकाच्या जागी दोन पेट्या ठेवायची वेळ आली. रुंद फळीच्या कडांवरून वरचे स्वर विखुरतात हे हॅरी ओल्सन यांनी पन्नासच्या दशकातच दाखवले होते, म्हणून फळी अरुंद झाली. अरुंद फळीवर १२ इंची वूफर मावत नाही, पण साडेसहा इंची चार वूफर मिळून जवळपास तेवढीच हवा हलवतात. मग ते एकावर एक चढले. शिवाय लहान स्पीकर स्टँडवर ठेवला तरी जमीन तेवढीच अडते. त्याच जागेत पेटी खालपर्यंत नेली तर ३०-४० लिटर फुकट मिळतात. केईएफचे १०५ (१९७७) आणि बोवर्स अँड विल्किन्सचे ८०१ (१९७९) यांनी मध्य आणि तार स्वरांसाठी वेगळे शीर बसवून हा आकार महागड्या घरांत आणि स्टुडिओंत रुजवला. बोवर्स अँड विल्किन्सच्याच १९९३ च्या नॉटिलसमध्ये तर प्रत्येक पडद्यामागे निमुळती होत जाणारी नळी आहे, मागची हवा तिच्यात विरून जावी म्हणून. बेलींच्या बोगद्याचाच हा पुढचा टप्पा म्हणावा लागेल.

अरुंद फळीचे दुखणेही आहे. २० सेंटिमीटर रुंदीची फळी साधारण ५७५ हर्ट्झच्या खाली आवाज पुढे रोखू शकत नाही, तो मागेही पसरतो आणि समोरची पातळी ६ डेसिबलपर्यंत घसरते. गळा पातळ लागतो. यावर एक उपाय म्हणजे दोन वूफर खर्जात एकत्र चालवायचे आणि त्यातला एकच वर ट्वीटरपर्यंत, म्हणजे तार स्वरांच्या छोट्या स्पीकरपर्यंत, न्यायचा. शोरूममध्ये ज्याला टू-अँड-अ-हाफ-वे म्हणतात तो हाच. पण ८ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की खर्जात विजेला होणारा विरोध निम्म्यावर, ४ ओहमवर येतो, आणि जुना हलका अँप्लिफायर तिथे तापतो.

उंच पेटीच्या आत आणखी एक भूत राहते. आतली उंची १ मीटर असेल तर १७२ हर्ट्झला हवेचा स्तंभ बासरीसारखा बोलतो, नेमका मर्दानी गळ्याच्या पट्टीत. पेटीला नळी असेल तर ती तो स्वर बाहेरही आणते. वरच्या तिसऱ्या भागात लोकर किंवा पॉलिएस्टर भरणे, वूफर आणि नळीची जागा स्तंभाच्या दाबाच्या ठिकाणाहून हलवणे किंवा आडवी फळी टाकून पेटीचे दोन कप्पे करणे, हे उपाय. नुसती जाड फळी लावून हे जात नाही.

लाकडाबद्दल इथे हमखास एक मोह होतो. खानापूरकडचा साग किंवा शिसव हाताशी असताना एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, कशाला, असे सुतारही विचारतो. कारण हवामानात आहे. एप्रिलच्या कोरड्या उन्हात आणि जुलैच्या संततधारेत भरीव लाकूड आडव्या रेषेत वेगवेगळे मापते. सांधा उकलतो, पेटी हवा सोडू लागते आणि लावलेली कंपनसंख्या हलते. भरीव लाकूड कडांना आणि पायाला ठेवावे. पेटी १८ ते २५ मिलिमीटरच्या एमडीएफची किंवा बर्च प्लायची, आत आडवे पाट, वरून विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. बीबीसीच्या डडली हारवुड यांनी १९७७ च्या अहवालात पातळ प्लायला आतून जड डांबरी थर देण्याची वेगळी वाट दाखवली. त्यात पेटीचा स्वर वर ढकलण्याऐवजी खाली सरकवून दाबला जातो. दोन्ही वाटा चालतात, अर्धवट मिश्रण चालत नाही. एक जाता जाता: बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी अल्युमिना निघते, काही महागड्या युनिटांचा पांढरा सिरॅमिक पडदा रसायन म्हणून तीच आहे.

परदेशी उभे स्पीकर १९९१ पूर्वी आयातीच्या बंधनांमुळे इथे क्वचितच पोहोचत. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांवर आणि स्थानिक सुतारांवरच भागत असे. त्यामुळे या भागात अजूनही जुन्या जोड्या दुरुस्त करून वापरणारे पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे.

खोलीचा हिशेब मात्र जुना असो की नवा, सारखाच. १२ बाय १४ फुटांची, १० फूट स्लॅबची खोली ४०, ४७ आणि ५६ हर्ट्झला स्वतः घुमते. ३५ हर्ट्झला लावलेला नळीचा स्पीकर भिंतीला टेकवून ठेवला की या तिन्हींना तो फुंकर घालतो आणि डग्ग्याऐवजी पिंप ऐकू येते. आधी स्पीकर मागच्या भिंतीपासून ६०-७० सेंटिमीटर पुढे आणावा. तेवढ्याने भागले नाही तर नळीत फोमचा बोळा घालावा, म्हणजे ती बंद पेटीसारखी वागू लागते. नळीची पेटी आपल्या स्वराखाली दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते, बंद पेटी १२ डेसिबलने हळू उतरते, आणि लहान खोलीत खोलीच ती तूट भरून काढते. रेकॉर्ड लावणाऱ्यांना बंद पेटीचा आणखी एक फायदा: वाकड्या तबकडीचे काही हर्ट्झचे झोके नळीच्या पेटीत वूफरला मोकाट नाचवतात, बंद पेटीत आतली हवा त्याला धरून ठेवते.

जमिनीकडचे दुर्लक्ष महागात पडते. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली की एमडीएफची खालची कड पाणी शोषते आणि दोन पावसाळ्यांत फुगते. पेटीखाली ग्रॅनाइटची किंवा बिडाची पाटी आणि फरशीपासून २० मिलिमीटर अंतर ठेवावे. बेळगावच्या उद्यमबागेत बिडाचे ओतकाम करणारे कारखाने आहेत, लेथवर टोकदार पायही कातून मिळतात. शहाबादी फरशीवर टोकाखाली नाणे ठेवावे. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर टोके उलट त्रास देतात, कारण तिथे जमीनच वाजते. अशा ठिकाणी जाड रबर बरे. मागच्या नळीला बारीक जाळी लावली नाही तर पावसाळ्यात पाल आणि झुरळे आत घर करतात.

जुन्या जोडीत पहिली खराबी पडद्याभोवतीच्या फोमच्या कडीची असते. दमट हवेत ती दहा-पंधरा वर्षांत भुगा होते. कडी बदलता येते, मूळ वूफर टाकू नये. खर्ज आणि तार स्वर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले की ट्वीटर मंद होतो. बंद पेटीची गळती तपासायला वूफर हलक्या हाताने आत दाबून सोडावा. तो सावकाश परतला तर पेटी घट्ट, झटकन उडाला तर कुठेतरी हवा सुटते आहे. दुरुस्तीनंतर खर्ज नाहीसा झाला तर बहुतेक वेळा एका स्पीकरची तार उलटी जोडलेली असते, आणि दोन पेट्या एकमेकींचीच हवा खात असतात. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावावा. धन टोक लाल टर्मिनलला असताना दोन्हीकडचे वूफर बाहेर आले पाहिजेत. मात्र पेटी उघडल्यावर मिडरेंज किंवा ट्वीटर उलटा जोडलेला दिसला तर तो सरळ करायची घाई करू नये. दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये तो मुद्दाम तसा जोडलेला असतो.