बारावीनंतर गॅप घेताय? मग कागदपत्रांचं आत्ताच बघा

सीईटीला पर्सेंटाइल मनासारखे आले नाहीत, सीओईपी-पीआयसीटीसारखी पुण्यातली इंजिनिअरिंग कॉलेजं लांबच राहिली, आणि घरात ठरलं की एक वर्ष गॅप घ्यायचा आणि परत परीक्षा द्यायची. गॅप घ्यावा की नाही यात मी पडत नाही, तो तुमचा घरचा निर्णय. पण पुढच्या वर्षी कागद तपासणीला उभी राहिलेली मुलं मार्कांमुळे नाही तर कागदांमुळे अडकतात, चांगला स्कोअर आणूनही अडकतात, आणि हे दरवर्षी बघून जीव तुटतो म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, गॅपसाठी कुठेच अर्ज नसतो. ना बोर्डाकडे, ना विद्यापीठाकडे. कोणी एजंट "गॅपची परवानगी काढून देतो" म्हणाला तर एक रुपया देऊ नका. इंजिनिअरिंगला वयाची अट नाही, बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के ही अट गॅप घेणाऱ्यालाही तीच. फक्त यंदाचा सीईटीचा स्कोअर पुढच्या वर्षी चालत नाही, परीक्षा नव्याने द्यावी लागते.

मग "गॅप सर्टिफिकेट" मागतात ते काय? तर ते कुठल्याही ऑफिसातून मिळणारं सर्टिफिकेट नाही, ते तुम्ही स्वतः करून द्यायचं प्रतिज्ञापत्र असतं. बारावी कधी पास झालो, तेव्हापासून आजपर्यंत काय केलं, कुठे प्रवेश घेतला होता का, एवढं त्यात लिहायचं आणि नोटरी करायचं. शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरीवाले बसलेले असतात, तासाभराचं काम आहे. पण ते आत्ता करू नका, प्रवेशाच्या वेळी करा, कारण जुलैत केलेलं प्रतिज्ञापत्र पुढच्या जुलैपर्यंतच्या गॅपबद्दल बोलूच शकत नाही. स्टँप पेपरवर हवं की साध्या कागदावर, हे कॉलेजला आधी विचारा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क सरकारने २०२५ मध्ये माफ केलं, तरी काउंटरवर बसलेला माणूस स्टँप पेपरच मागतो आणि लेकराला परत पाठवतो, याचा मला खरंच राग येतो.

आता सगळ्यात जास्त मुलं जिथे फसतात ते. घरचे म्हणतात, वर्ष वाया नको, नावापुरतं बीएस्सीला घालून ठेव, कॉलेजला जाऊ नकोस, क्लास कर. ठीक आहे, पण मग तो गॅप राहिला नाही! तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी झालात, तुमचा ओरिजिनल एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, तिथे जमा झाला, आणि पुढच्या वर्षी प्रतिज्ञापत्रात "मी कुठेही प्रवेश घेतला नाही" असं लिहिलंत तर ते खोटं ठरतं. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, नोटरीवाल्याकडे तयार नमुना असतो आणि त्यात हे वाक्य छापलेलंच असतं, वाचल्याशिवाय सही करू नका. असा प्रवेश घेतला असेल तर सरळ तसं लिहा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र त्या कॉलेजातला प्रवेश रद्द करून तिथूनच एलसी किंवा टीसी काढावी लागते, त्यासाठी नो ड्यूज, लायब्ररी, फी क्लिअर करणं आलं आणि प्रवेशाच्या सीझनमध्ये ऑफिसला कुणाला वेळ नसतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, हवी ती सीट लागली आणि एलसी जुन्या कॉलेजच्या कपाटात, क्लार्क रजेवर. आईवडील रोज चकरा मारत होते, शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडला. म्हणून सीईटीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, सीट लागायची वाट बघू नका. आणि पुणे विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट पण लागेल.

ज्यांनी फक्त घरी बसून तयारी केली त्यांचं सोपं, ज्युनिअर कॉलेजचा एलसी जपून ठेवा, दोन-चार झेरॉक्स काढा, स्कॅन करून ठेवा.

दुसरा मोठा घोळ नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याच्या दाखल्याचा. "गेल्या वर्षीच काढलाय की" म्हणून मुलं निवांत असतात. अहो, त्यावर तारीख लिहिलेली असते! हा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, कुणाचा एक वर्षाचा असतो, कुणाचा तीन वर्षांचा, आणि प्रवेशासाठी तो त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. म्हणजे २०२६-२७ ला प्रवेश घेणार असाल तर दाखल्यावर ३१ मार्च २०२७ किंवा त्यापुढची तारीख पाहिजे. ३१ मार्च २०२६ असेल तर तो कागद संपला. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी सगळ्यांना हे लागू, एससी-एसटीला नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. नवीन काढायला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि जूनमध्ये सेतूवर आणि आपले सरकारवर अख्खा जिल्हा तुटून पडतो, सर्व्हर चालत नाही, तहसीलची सही राहते. एप्रिल उजाडला की लगेच अर्ज करा. फॉर्म भरताना पावती चालते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत ओरिजिनल दिला नाही तर सरळ ओपनमध्ये टाकतात, मग रडून उपयोग नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला) तसंच, जुना चालत नाही, नव्या आर्थिक वर्षाचा लागतो.

आणि जेईईवाल्यांनो, केंद्र सरकारच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो. राज्याचा नॉन-क्रिमीलेअर जोसाला (आयआयटी-एनआयटीची प्रवेश प्रक्रिया) चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला हवा. एकाच चकरेत दोन्ही मागून घ्या.

कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, नसेल तर गॅपचं वर्ष त्यासाठी सोन्यासारखं आहे. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचा दाखला गावाकडून आणावा लागतो, शाळा बंद झालेली असते, रजिस्टर सापडत नाही, यात महिने जातात. दिवाळीच्या आधी फाइल समितीकडे गेली पाहिजे.

तारखांचं बघू. जेईई मेनच्या पहिल्या सेशनचा फॉर्म ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरमध्ये येतो, सीईटीचा साधारण डिसेंबर-जानेवारीपासून. शाळा-कॉलेजचा ग्रुप सुटल्यावर कोणी आठवण करत नाही, म्हणून वेबसाइट स्वतः बघत राहा. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते, आणि वर्ष मोजतात ते बारावीला पहिल्यांदा बसलात तिथून, पास कधी झालात तिथून नाही. २०२५ ला पहिल्यांदा बसलेल्याला २०२५ आणि २०२६, संपलं. बारावी परत देऊन हे घड्याळ मागे जात नाही. नीटला मात्र प्रयत्नांची मर्यादा नाही.

एनआयटीसाठी बारावीचे ७५ टक्के कमी पडत असतील तर आपल्या बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, पास झाल्यावर लगतच्या तीन संधी मिळतात, फॉर्म आपल्याच ज्युनिअर कॉलेजातून.

स्कॉलरशिपसाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) गॅप दाखवावा लागतो आणि तेच प्रतिज्ञापत्र अपलोड होतं, म्हणून एक कॉपी स्कॅन करून ठेवा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश असेल तरच, मॅनेजमेंट कोट्यात नाही.

आणि यंदा कॅपमधून सीट घेऊन फी भरून बसला असाल आणि आता गॅपचा विचार चालू असेल, तर आधी सीईटी सेलच्या नोटीसमध्ये प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख शोधा. त्या तारखेआधी रद्द केलं तर १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते, नंतर फक्त डिपॉझिट. लॉगिनमधून रद्द करायचं आणि कॉलेजमध्येही लेखी द्यायचं, पोच घ्यायची, ओरिजिनल कागद त्याच दिवशी मोजून परत घ्यायचे.