'बॉम्बे' मांजरीचा बॉम्बेशी संबंध किती?

मुंबईत हल्ली कुठलीही काळी कुळकुळीत मांजर 'बॉम्बे कॅट' ठरते. नावावरून ती ससून डॉकवर वाढून बोटीने परदेशी गेली असावी, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं काही घडलेलं नाही.

या जातीचं मूळ अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये. १९५० च्या दशकात तिथल्या एका बाईंनी बर्मीज या तपकिरी जातीच्या मांजरीचा आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअर या आखूड केसांच्या जातीचा संकर सुरू केला. घरात पाळता येईल असा छोटासा काळा बिबट्या त्यांना हवा होता. सुरुवातीची पिल्लं फसली. मग तांबूस डोळ्यांचा काळा बोका निवडून गाडी रुळावर आली. १९७० मध्ये नोंदणी सुरू झाली आणि १९७६ पासून ही जात प्रदर्शनातल्या स्पर्धांत उतरली. त्यातल्या बर्मीजची वंशावळ १९३० मध्ये ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला नेलेल्या एका तपकिरी मांजरीपर्यंत पोहोचते. आशियाशी नातं जोडायचंच तर ते एवढंच.

खरा घोळ नावाचा. काळा बिबट्या म्हणजे हिंदुस्थान आणि हिंदुस्थान म्हणजे बॉम्बे, एवढ्या हिशेबावर बारसं उरकलं. बोरिवलीच्या जंगलातला आपला बिबट्या ठिपक्यांचा. काळा बघायचा तर कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या सह्याद्रीत नशीब आजमावावं लागतं. पुढे ब्रिटनमध्येही बर्मीज घेऊनच, पण स्वतंत्रपणे, काळी मांजर तयार झाली आणि तिलाही 'बॉम्बे'च म्हटलं गेलं. तिकडची अंगाने सडसडीत, अमेरिकेची गोल चेहऱ्याची. एका नावाच्या दोन जाती! निदान दुसऱ्यांदा तरी वेगळं नाव शोधायला काय हरकत होती?

रंगावरून तर काहीच सिद्ध होत नाही. काळा रंग प्रभावी, म्हणजे एका पालकाकडून आला तरी दिसतो; बर्मीजचा तपकिरी अप्रभावी, म्हणजे दोघांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे दोन्ही पालकांत तो तपकिरी गुण दडलेला असला, तर अस्सल बॉम्बेच्या पोटीही सरासरी चारात एक पिल्लू तपकिरी निघतं. उलट आपल्या चाळीच्या जिन्यातली काळी मनी पक्की गावठी असते.

१९९५ मध्ये शहराचं नाव मुंबई झालं. मांजर, आणि इंग्रजीत आपलं उच्च न्यायालयही, 'बॉम्बे'च राहिलं. तेव्हा काळं पिल्लू दाखवून 'बॉम्बे'चा भाव सांगणाऱ्याकडे आधी त्याच्या बर्मीज आजीचा कागद मागावा.